पनवेल स्टँडवरून कोकणात जायचंय? गावाची पाटी शोधू नका, रस्ता बघा

मुंबई सेंट्रल, परळ, कुर्ला नेहरूनगर, बोरिवली, ठाणे, कुठूनही कोकणात निघालेली एसटी बहुतेक करून पनवेललाच येते आणि गोवा हायवे पण इथल्या पळस्पे फाट्यावरूनच सुरू होतो, त्यामुळे गाड्यांना तोटा नाही. तोटा असतो तो सीटचा.

लोकलने येणार असाल तर स्टेशनातून जुन्या पनवेलच्या बाजूला बाहेर पडा. नवीन पनवेलकडे गेलात तर परत पूल चढा. स्टँडपर्यंत चालत जाता येतं, बोचकी असतील तर सरळ रिक्षा.

आता मेन गोष्ट. समजा माणगावला जायचंय आणि तुम्ही ‘माणगाव’ लिहिलेल्या पाटीची वाट बघत बाकड्यावर बसलात, तर तेवढ्या वेळात महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण, श्रीवर्धन अशा गाड्या डोळ्यासमोरून निघून जातील आणि त्या सगळ्या माणगाववरूनच जाणाऱ्या. फक्त चढायच्या आधी कंडक्टरला ‘माणगावला थांबा आहे ना?’ एवढं विचारा, लांबच्या गाड्यांना सगळीकडे थांबा नसतो आणि एकदा बेल मारली की मग वाद घालून काही होत नाही.

पाटीवर गाडी कुठून सुटली तेही वाचा. पनवेलहूनच सुटणारी असेल तर फलाटाला लागताच चढलं की सीट मिळते (रुमाल टाकणारे आपल्याआधी असतातच, ते सोडा). मुंबईहून येणारी असेल तर आत जे रिकामं उरलंय ते तुमचं. गणपती, शिमगा, मे महिना यात ती भरूनच येते, म्हणून आधी रिझर्व्हेशन करा आणि बोर्डिंग पॉइंट पनवेल टाका. त्यावर दाखवलेली पनवेलची वेळ मात्र अंदाजे धरा, कारण मधे सायन-पनवेल हायवे आहे. लवकर येऊन उभं राहायचं आणि गाडीचं काय ते चौकशी खिडकीवर विचारायचं, बाजूच्या माणसाला नाही, तो पण तुमच्यासारखाच वाट बघतोय.

अलिबागवाल्यांचं बरं आहे, त्यांना गाड्या भरपूर. विनाथांबा असेल तर तिकीट बहुधा गाडीत चढण्याआधी खालीच काढायचं असतं, न काढता सीट धरून बसलात तर उठवतात. पेणला उतरणाऱ्यांनी त्यात चढूच नये, साधी गाडी पकडावी.

तिकिटाचं थोडक्यात: बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं, ६५ ते ७५ वयाला अर्धं, ७५ च्या पुढे फुकट, ५ ते १२ वर्षांच्या पोरांना अर्धं. वयाची सवलत घेणाऱ्या आजीआजोबांचं आधार वरच्या खिशात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. गाडी गोव्याची असेल तर सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. आणि हे सगळं एसटीचं, एनएमएमटीच्या (नवी मुंबई महापालिकेच्या) बसमध्ये तेच नियम धरू नका.

पुण्याला जायचं असेल तर स्टँडवर येण्याआधी विचार करा. एक्सप्रेस वेने जाणाऱ्या बऱ्याच गाड्या आत शिरतच नाहीत, कळंबोलीवरूनच वर चढतात, त्या पकडायला कळंबोलीलाच जाऊन थांबा.