बुधवारची गीतमाला पुन्हा घरी कशी लावावी

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात साठच्या दशकात रेडिओ मोजकेच होते. बुधवारी रात्री आठला रेडिओवाल्याच्या ओसरीवर माणसं जमायची आणि नऊपर्यंत हलायची नाहीत. रेडिओ सिलोनवर, म्हणजे श्रीलंकेच्या रेडिओवर, अमीन सयानी सादर करायचे ती 'बिनाका गीतमाला' लागायची, लोकप्रिय हिंदी सिनेगाणी क्रमांकाने ऐकवणारा कार्यक्रम. गेल्या हिवाळ्यात आजीसाठी आम्ही ती घरीच लावायला सुरुवात केली. सहा-सात बुधवारांत जी रीत बसली, ती इथे सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. जुनी गाणी मोबाइलवर कधीही ऐकता येतात, पण त्याला गीतमाला म्हणता येत नाही. खालच्या पायरीवरून एकेक गाणं वर चढत जातं आणि सर्वात वर कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही. ही वाट पाहणं जपलं, तरच पुढचं सगळं करण्यात अर्थ आहे.

पहिलं काम: यादी शोधण्याआधी माणसांना विचारा

"तुम्हाला कोणतं गाणं आवडायचं?" असं विचारू नका. "सगळीच चांगली होती" एवढंच उत्तर येतं. रेडिओ कोणाच्या घरी होता, तुम्ही कुठे बसायचे, लग्नाआधी ऐकायचे की नंतर, असं विचारा. माझी आजी लगेच म्हणाली, "माहेरी आयकत होती मी, बाप्पा. सासरी रेडू कुठचा!" तिचं लग्न १९६८ च्या उन्हाळ्यात झालं. म्हणजे आमचं वर्ष ठरलं, १९६७.

वर्ष असं माणसावरून ठरवा. घरात तसं कोणी नसेल, तर १९६७ ते १९७० यातलं कोणतंही घ्या. या चारही वर्षांच्या वार्षिक यादीत पहिलं गाणं लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचंच होतं, त्यामुळे एकाच जोडीचा बदलत गेलेला बाज सलग ऐकता येतो. अगदी पहिल्या वार्षिक यादीपासून जायचं असेल तर १९५३ घ्या. त्या वर्षी 'अनारकली'तलं 'ये ज़िंदगी उसी की है' पहिलं आलं. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले होते. आपल्याकडच्या मंडळींना हे सांगितलं की ती सरसावून बसतात.

यादी मिळवणं आणि तपासणं

दर आठवड्याच्या याद्या सहज हाती लागत नाहीत, वर्षअखेरच्या मात्र मिळतात. शोधताना 'बिनाका गीतमाला' आणि 'सिबाका गीतमाला' ही दोन्ही नावं टाका, कारण कार्यक्रमाला ज्या प्रायोजक टूथपेस्टचं नाव होतं, तिचं नाव बदललं तसं कार्यक्रमाचंही बदललं. दोन वेगवेगळ्या याद्या समोर ठेवून ताडून पाहा. मधल्या क्रमांकांत फरक दिसला, तर दोन्ही वहीत लिहून ठेवा.

इथे बरेच जण फसतात. यादीचं वर्ष आणि चित्रपटाचं वर्ष एकच असेल असं नाही. 'दो रास्ते' १९६९ च्या शेवटी आला, पण 'बिंदिया चमकेगी' पहिलं ठरलं १९७० च्या यादीत. 'डॉन' १९७८ चा, तर 'खइके पान बनारसवाला' १९७९ च्या यादीत वर. चूक समजून क्रम बदलू नका. चित्रपट लागल्यावर गाणं हळूहळू चढायचं, तोवर वर्ष सरून जायचं.

गावात कोणाकडे दर बुधवारी हाताने लिहिलेली जुनी वही असेल, तर ती सोन्यासारखी. मागून नेऊ नका. तिथेच बसून, दिवसाच्या उजेडात, पानापानाचा फोटो घ्या.

गाणं कोणतं उतरवायचं

खरी मेहनत इथे आहे. एकाच गाण्याचे दहा अवतार सापडतात. ज्यात मागे ढोलकीचे जादा ठोके घातलेत ते 'झंकार'वालं घेऊ नका, दुसऱ्या गायकाने पुन्हा गायलेलंही नको. चित्रपटातला व्हिडिओसुद्धा शक्यतो टाळा. रेडिओवर तबकडी वाजायची, आणि ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. म्हणून पडद्यावर असलेलं एखादं कडवं कधीकधी तबकडीत नसायचं. रेकॉर्ड कंपनीने स्वतः टाकलेला नुसता आवाज घेतला, की लोकांच्या कानात बसलेलं गाणं मिळण्याची शक्यता जास्त.

अमीन सयानींचा आवाजही हवा असेल, तर 'गीतमाला की छाँव में' ही मालिका शोधा. ती त्यांनी नंतर सारेगामा या रेकॉर्ड कंपनीसाठी केली, म्हणजे हे मूळ प्रसारण नव्हे. पण "बहनो और भाइयो" ऐकताच आजीने हातातलं सूप खाली ठेवलं.

तालुक्याला गेलात की चांगल्या नेटवर गाणी घेऊन ठेवा. गावात रात्री आठला रेंजच्या भरवशावर बसू नका. स्पीकर चार्ज करून ठेवा, लाइनचा नेम नसतो.

बुधवारची रात्र

वार बुधवारच, वेळ आठचीच. वेचणीच्या दिवसांत माणसं दमलेली असतात, पण या वेळेला जेवणं आटोपलेली असतात. सोळा गाणी घ्या. तासात सगळी पूर्ण बसत नाहीत, तेव्हा खालच्या गाण्यांचा मुखडा आणि एक अंतरा लावा, वरची पाच पूर्ण.

बोलणारा एक जण ठेवा. आमच्याकडे चुलतभाऊ आहे. सयानी क्रमांकाला 'पायदान' म्हणायचे, तसाच तोही म्हणतो. पुढच्या गाण्याचं नाव आधी सांगायचं नाही, फक्त चित्रपट आणि गायक सांगायचे आणि थोडं थांबायचं. त्या थांबण्यात बायाबापड्या अंदाज बांधतात. पूर्वीही असंच होतं. कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला तेव्हा सात गाणी वाजवायचे आणि त्यांचा क्रम श्रोत्यांनी पत्राने कळवायचा. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, असं सयानी सांगत.

पोरं विचारतातच, की हिंदी गाण्यांसाठी सिलोन कशाला? सांगा त्यांना. तेव्हाचे नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर सिनेगीतं जवळपास बंद झाली होती. विविध भारती आली ती १९५७ मध्ये. तोवर लोकांनी काटा सिलोनकडे वळवला होता. सिलोनचं प्रसारण ज्यावर यायचं त्या लघुलहरी (शॉर्टवेव्ह) वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून परत खाली येतात, म्हणून श्रीलंकेतला आवाज वऱ्हाडात पोचायचा. तो थर सतत बदलतो, म्हणून आवाज मध्येच बुडायचा आणि पुन्हा वर यायचा. आमच्या शेजारचे आबाजी स्पीकर ऐकून म्हणाले, "एवढा साफ नोता येत." त्यांना आवाज थोडा कमी करून दिला, मग पटलं.

वही

एका कोऱ्या वहीत तारीख, वर्ष, सोळा गाणी लिहा आणि प्रत्येक गाण्यापुढे जागा सोडा. कोण काय बोललं ते त्याच वेळी टिपा, दुसऱ्या दिवशी आठवत नाही. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत असाल तर आधी विचारून घ्या, आणि मोबाइल स्पीकरपासून लांब, माणसांजवळ ठेवा.

१९६७ च्या यादीत पहिल्या क्रमांकावर 'मिलन'मधलं 'सावन का महीना' आहे. आमच्या वहीत त्याच्यापुढे आजीचं वाक्य लिहिलंय: "हे लागलं तव्हा मी कंदिलाची काच पुसत होती. बाबा म्हने, राहू दे, आधी आयक."