दिवा लागला म्हणजे काम झालं असं नाही: धातूचे दिवे विकायला काढताना या चुका टाळा

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या प्रदर्शनात विकलेल्या एका तांब्याच्या टेबल लॅम्पबद्दल एका ताईंचा फोन आला. "अहो, दिवा छान आहे, पण हात लावला की मुंग्या येतात." मी तो त्याच दिवशी परत आणला. उघडून पाहिलं, तर नळीच्या कापलेल्या तोंडावर बर (कापताना राहणारी धारदार कड) राहिली होती आणि तिने फेजच्या वायरचं आवरण खरवडलं होतं. विकण्याआधी मी दिवा लावून बघितला होता आणि तो लागला होता. तेवढ्या तपासणीवर मी तो दुसऱ्याच्या घरात दिला, हे आजही मनाला लागतं.

लाकडाच्या किंवा बांबूच्या दिव्यात अशी वायर कदाचित कुणाला कळलीही नसती. पितळ-तांब्याच्या दिव्यात मात्र आपण जे हौसेने ठोकून, घासून, चमकवून विकतो, तेच अंग वीज वाहून नेतं.

दोन तारांची वायर आणि दोन पिनांचा प्लग

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. बाजारात तयार मिळणारी होल्डर-स्विच-प्लगची माळ बहुतेक वेळा टू-कोअर असते आणि ती सरळ पितळी नळीतून ओवली जाते. २३० व्होल्टवर चालणाऱ्या धातूच्या दिव्याला थ्री-कोअर वायर (फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तीन तारांची) आणि तीन पिनांचा प्लगच हवा. लहान दिव्याला ०.७५ चौरस मिमीची वायर पुरते. वायरवर आयएस (भारतीय मानक) ६९४ आणि प्लगवर आयएस १२९३ यांचा आयएसआय मार्क बघून घ्या.

वायर घेतली तरी अर्थिंग होतंच असं नाही. हिरवी-पिवळी अर्थिंगची तार लॅकर (चमक टिकवणारा पारदर्शक थर) मारलेल्या पृष्ठभागावर स्क्रूने दाबली, तर खाली धातू असूनही जोड लागत नाही, कारण लॅकर वीज अडवतो. तेवढी जागा घासून काढा, तारेला थिंबल (टोकावर दाबून बसवायचं धातूचं कडं) लावा, खाली दातेरी वॉशर घाला. तो स्क्रू फक्त अर्थिंगचाच असू द्या. शेडही त्याच नटाने धरली असेल, तर शेड बदलताना गिऱ्हाईक नकळत अर्थिंग सोडवणार. मान वळणारा दिवा असेल, तर सांध्याच्या पलीकडचा भागही तारेने जोडा. प्लगमध्ये अर्थिंगची तार बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे ओढ बसली तर ती सर्वांत शेवटी सुटेल.

माझं स्पष्ट मत सांगतो. गिऱ्हाइकाच्या घरी अर्थिंग आहे की नाही, हे आपल्याला कधीच कळत नाही. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसरं भोक पुष्कळदा नुसतं दिसायला असतं. म्हणून लहान टेबल लॅम्प मी आता १२ व्होल्टच्या एलईडीवरच करतो. अॅडॅप्टर दिव्याबाहेर राहतो, बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) नोंदणी क्रमांकाचा असतो, आणि २३० व्होल्ट धातूपर्यंत येतच नाहीत.

गाठ, झाल आणि कानस

वायर निसटू नये म्हणून आत गाठ मारायची जुनी सवय सोडा. गाठीपाशी वायर पिळते आणि आवरण थकतं. कॉर्ड ग्रिप (वायर घट्ट धरणारी पकड) लावा. दिव्यांच्या मानकांतली चाचणी घरी करता येते: ६० न्यूटन, म्हणजे साधारण सहा किलोची ओढ, २५ वेळा द्यायची, वायर २ मिमीपेक्षा जास्त सरकता कामा नये.

स्क्रूखाली जाणाऱ्या तारांच्या टोकांना झाल (सोल्डर) देऊ नका. झाल दाबाखाली हळूहळू बसते, स्क्रू ढिला पडतो, जोड तापतो. त्याऐवजी फेरूल (टोकावर बसणारी धातूची छोटी नळी) दाबा. नळीचं प्रत्येक तोंड कानशीने गोल करा, मग ग्रोमेट (वायर घासू नये म्हणून रबरी कडं) बसवा. आट्यांचा ई-२७ होल्डर असेल, तर फेज मधल्या टोकाला, न्यूट्रल आट्यांच्या कड्याला.

धुलाई

हा धोका आपल्याकडचा खास आहे. पितळ दिसलं की घरात ते चिंच-मिठाने किंवा पितांबरीने घासून नळाखाली धरलं जातं. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका समईवजा दिव्याच्या होल्डरमध्ये हिरवा कळंक साचला होता. तेव्हापासून बुडाशी पाणी निथळायला भोक ठेवतो आणि 'प्लग काढून कोरड्या फडक्यानेच पुसा' अशी मराठी चिठ्ठी दिव्यालाच बांधतो. शेजारी बल्बची मर्यादाही लिहितो: कमाल ९ वॅट, एलईडी.

तक्रार आली तर

अंगाला मुंग्या येतात: आधी प्लग काढायला सांगा. मल्टीमीटरवर भिस्त ठेवू नका, त्याच्या छोट्या बॅटरीला ओलसर किंवा खरवडलेलं आवरण कळत नाही. ५०० व्होल्टचा मेगर (आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) लावा. फेज-न्यूट्रल एकत्र धरून त्यांच्यात आणि धातूच्या अंगात किमान २ मेगओहम यायला हवेत. दिवा निर्दोष निघाला, तर घराचं अर्थिंग तपासून घ्यायला सांगा. ते तुटलेलं असेल, तर फ्रिज-कॉम्प्युटरची गळतीही त्याच तारेने तुमच्या दिव्यावर येते.

दिवा बंद असूनही आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो: सगळे फेज शोधत बसतात, पण न्यूट्रल अंगाला टेकली असली तरी तो पडतो. तीही बघा.

बंद केल्यावर एलईडी मंद जळत राहतो: वायरवरचा स्विच बहुधा न्यूट्रलवर बसलाय. फेजवर घ्या, नाहीतर बंद दिव्याचा होल्डरही जिवंत राहतो.

कागदपत्रं

'हस्तकला आहे, नियम लागत नाहीत' हा समज चुकीचा. एलईडी बल्ब, ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारा भाग) आणि अॅडॅप्टर सक्तीच्या बीआयएस नोंदणीत येतात. भिंतीला किंवा छताला कायम बसवायचा सामान्य वापराचा एलईडी दिवाही येतो, त्याचं मानक आयएस १०३२२, भाग ५, विभाग १. त्यामुळे एलईडी आतच बसवून वॉल लाइट विकणाऱ्याचे नियम, नुसता होल्डर देणाऱ्यापेक्षा वेगळे पडतात. माल काढण्याआधी बीआयएसची चालू यादी बघा, ती वाढत असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचं (सदोष वस्तूने झालेल्या नुकसानीच्या जबाबदारीचं) स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात बनवणारा थेट येतो.

मी प्रत्येक दिव्याच्या बुडाशी क्रमांक कोरतो आणि वहीत त्यापुढे मेगरचा आकडा, अर्थिंगच्या जोडाचा रोध आणि तारीख लिहितो. हा रोध जास्तीत जास्त ०.५ ओहम हवा. एका दिव्याला दहा मिनिटं लागतात, ती मी किमतीत धरतो.