हेडफोनचे ओहम, अँपचे ओहम

हेडफोनच्या खोक्यावर छापलेला '३०० ओहम' हा इम्पिडन्सचा, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा, आकडा सगळ्या स्वरांना सारखा लागू होत नाही. सेनहायझर एचडी ६५० सारख्या डायनॅमिक (कॉइलने पडदा हलवणाऱ्या) हेडफोनचा इम्पिडन्स खर्जात, रेझोनन्सपाशी (पडदा सहज जास्त थरथरतो त्या स्वरापाशी), ५०० ओहमच्या आसपास चढतो. अँपचा (अँप्लिफायरचा) आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा अडथळा, १०० ओहम असेल तर तिथे बेस साधारण १ डेसिबलने फुगतो. काहींना तो आवडतोही! प्लेनर (सपाट, पातळ पडद्याच्या) हेडफोनची इम्पिडन्सची रेषा जवळजवळ सपाट, त्यामुळे आवाज थोडा उतरतो इतकंच, पोत तोच राहतो. खरी काळजी घ्यायची ती अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (आवाज काढणारे चिमुकले ड्रायव्हर) असलेल्या इअरफोनची. क्रॉसओव्हरमुळे (स्वर त्या ड्रायव्हरांत वाटून देणाऱ्या सर्किटमुळे) त्यांचा इम्पिडन्स वारंवारतेनुसार कित्येक पटींनी वरखाली होतो. त्यांच्यासाठी १ ओहम किंवा त्याहून कमी आउटपुट इम्पिडन्सचा डाँगलच, म्हणजे फोनला लावायचा छोटा अँपच, बघा. बाकीच्यांना अँपचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्श्यापर्यंत चालतो.