त्वचेच्या कॅन्सरचं ऑपरेशन: या चुका टाळा

माझ्या मामांची काटोलजवळ संत्र्याची बाग. नाकाच्या कडेला तुरीच्या दाण्याएवढा काळा, चकचकीत फोड आला होता. दाढी करताना ब्लेड लागलं की रक्त यायचं, खपली धरायची, पुन्हा निघायची. नागपुरातल्या एका दवाखान्यात "चामखीळ आहे" म्हणून तो दहा मिनिटांत जाळून टाकला. तपासायला काही पाठवलंच नाही. दीड वर्षानं त्याच जागी पुन्हा वर आला आणि बायोप्सीत (तुकडा काढून केलेल्या तपासणीत) बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, निघाला. चार टाक्यांत भागलं असतं, तिथे गालाची कातडी सरकवून नाक झाकावं लागलं.

सगळ्यात मोठी चूक हीच: निदानाआधी जाळणं. घरी चुना-सोडा लावणंही त्यातच आलं. वरचं दिसणारं जातं, खाली पसरलेलं राहतं, आणि जळालेल्या मांसावरून निदान करणं कठीण होतं. काही वरवरचे, लहान बेसल सेल कॅन्सर डॉक्टर खरवडून कॉटरीनं (विजेच्या उष्णतेनं जाळून) काढतात, पण ते नेमकं काय आहे हे कळल्यावर. नागपुरात मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या किंवा मिहानमधल्या एम्सच्या त्वचारोग ओपीडीत आधी दाखवा.

दुसरी चूक रिपोर्ट न वाचण्याची. लहान, कमी धोक्याच्या बेसल सेलमध्ये भोवतालची साधारण 4 मिलिमीटर निरोगी कातडीही काढतात. काढलेल्या तुकड्याच्या एका टोकाला सर्जन दोऱ्याचा टाका घालतात, म्हणजे कुठल्या कडेला कॅन्सर उरलाय हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येतं. पुष्कळदा ती डबी नातेवाइकांच्याच हातात देतात. तुकडा फॉर्मलिनमध्ये (तो टिकवणाऱ्या द्रावणात) बुडालाय ना, डबीवर नाव आणि जागा लिहिलीय ना, हे तिथेच बघा. साध्या पाण्यात ठेवलेला तुकडा खराब होतो. रिपोर्टमध्ये "कडेपर्यंत कॅन्सर आहे" असं आलं, तर जखम छान भरली म्हणून थांबू नका. बहुतेक वेळा तेवढी जागा पुन्हा काढतात. नाक-पापणीजवळ मोहस पद्धतीनं थर काढत, तिथल्या तिथे तपासत जातात. ऑपरेशन झेपणार नसेल, तर रेडिएशनचा विचार होतो.

जुन्या भाजल्याच्या व्रणावर न भरणारी जखम झाली, तर महिनोन्महिने नुसती मलमपट्टी करत बसू नका. वीस-तीस वर्षांनीही त्यात स्क्वॅमस सेल कॅन्सर (त्वचेचाच दुसरा प्रकार) होऊ शकतो, आणि तो लसिका गाठींपर्यंत जाऊ शकतो. तळपायावरचा वाढता काळा डाग किंवा नखाखालची रुंद होणारी काळी रेघ चपलेमुळे झाली असं समजू नका. तो मेलानोमा, म्हणजे त्वचेचा जास्त धोक्याचा कॅन्सर, असू शकतो. तिथे खोलीनुसार भोवतालची 1 ते 2 सेंटिमीटर निरोगी कातडी काढावी लागते, जांघेतल्या गाठीही तपासतात.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सोडा, कळकळीनं सांगते! तंबाखूतल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, मग सरकवलेली कातडी काळी पडू शकते. घरी आल्यावर पट्टीतून रक्त झिरपलं, तर स्वच्छ गॉज 15-20 मिनिटं घट्ट दाबून धरा, मधे उचलून बघू नका. तरी थांबलं नाही, तर रात्र असली तरी निघा.

मामा आता दुपट्टा बांधल्याशिवाय बागेत जात नाहीत. दर सहा महिन्यांनी तपासणी असते, आणि मामी आदल्या रात्रीच रिपोर्टची पिशवी दाराशी आणून ठेवते.