पोलादी शिडाची होडी घरी बांधताय? या चुका टाळा

पोलादी होडी बहुतेक वेळा बाहेरून नाही, आतून कुजते. बाहेरचा रंग खरवडला गेला तर येणाऱ्याजाणाऱ्यालाही दिसतो आणि आपण लगेच डबा-ब्रश घेऊन बसतो. पण पाण्याच्या टाकीमागे, फ्रेमच्या (होडीच्या आतल्या पोलादी बरगडीच्या) बुडाशी, ओट्याखालच्या कोपऱ्यात वाटीभर खारं पाणी साचून राहिलं, तर ते कोण बघणार? उघडं पोलाद समुद्राच्या पाण्यात वर्षाला साधारण ०.१ मिमी झिजतं. एकाच जागी खड्डा धरला की त्याच्या कितीतरी पट वेगाने. म्हणून घरी होडी बांधणाऱ्याने प्रत्येक जोडाला, प्रत्येक कप्प्याला एकच प्रश्न विचारावा: उद्या इथे माझा हात आणि बॅटरीचा उजेड पोचेल का?

एवढी काळजी घ्यायची तर पोलादच कशाला, असं कोणी विचारलं तर ‘जोशुआ’चं उदाहरण पुरेसं आहे. बर्नार मोआतेसिए या फ्रेंच खलाशाची ही साधारण १२ मीटरची होडी १९६२ साली समुद्रापासून दूर, शोफाय गावातल्या लोखंडकामाच्या कारखान्यात तयार झाली. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या १९६८च्या शर्यतीत ती उतरली होती. ती शर्यत जिंकली आपल्या मुंबईत बांधलेल्या सागवानी ‘सुहैली’ने. पुढे डिसेंबर १९८२ मध्ये मेक्सिकोच्या काबो सान लुकास इथे वादळात बऱ्याच होड्या किनाऱ्यावर आपटल्या, त्यात ‘जोशुआ’ही होती. ती चेपली, वाळूने भरली, पण फुटली नाही. तिला ओढून पुन्हा पाण्यात सोडलं. आज ती ला रोशेलच्या सागरी संग्रहालयाकडे आहे आणि अजूनही शिडावर चालते.

जाड प्लेट म्हणजे भक्कम होडी, हा समज

१ मिमी जाडीची पोलादी प्लेट चौरस मीटरला ७.८५ किलो भरते. नकाशात डेकला ३ मिमी दिलेली असताना ‘असू दे, ४ची घालू’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. डेक आणि केबिन मिळून ३० चौरस मीटर धरा: सुमारे २३५ किलो वजन पाणरेषेच्या चांगलंच वर जाऊन बसलं. होडी आता थोड्या वाऱ्यातही जास्त कलणार आणि कललेली सरळ व्हायला वेळ घेणार. हे वजन मग कीलमध्ये, म्हणजे होडीच्या तळाच्या जड पात्यात, शिसं वाढवून भरून निघत नाही, कारण होडी आधीच खोल बसलेली असते. नऊ-दहा मीटरपेक्षा लहान होडीला तर पोलाद मुळातच जड पडतं.

नकाशा जाणत्या डिझायनरकडून विकत घ्या आणि त्यात हात घालू नका. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली नौदलाची ‘म्हादेई’ व्हान डे श्टाट या डच ऑफिसच्या नकाशावरची. ती लाकूड आणि फायबरग्लासची आहे, पण पोलादी होड्यांचे नकाशेही तिथे मिळतात. कामाला हात लावण्याआधी अंगणातून पाण्यापर्यंतचा रस्ताही टेप घेऊन मोजा. आपल्याकडे रस्त्यावरच्या वाहनाला रुंदी २.६ मीटरपर्यंत चालते आणि अकरा मीटरची होडी साडेतीन मीटरच्या आसपास रुंद असते. परवानगी, लो-बेड ट्रेलर, वाटेतल्या विजेच्या तारा, गल्लीतलं वळण हे सगळं आधी बघायचं.

प्लेट अंगणात पडून राहते

गाडीतून उतरवलेल्या प्लेटा एकावर एक आडव्या रचल्या की पहिल्याच पावसात मधे पाणी शिरतं आणि खड्डे पडतात. त्या तिरप्या उभ्या करा, मधे लाकडी पट्ट्या द्या. नव्या प्लेटवरचा निळसर काळा, गुळगुळीत थर बघून माल चांगला आहे असं वाटतं. तो रोलिंगच्या वेळचा ऑक्साइडचा थर असतो. तो तसाच ठेवून वर रंग मारला तर पुढे तडकतो, आणि त्या तड्यात उघडं पडलेलं पोलाद उरलेल्या थराच्या मानाने भराभर झिजतं. ब्लास्टिंग करून (जोराच्या हवेने खडे मारून साफ करून) प्रायमर मारलेली प्लेट मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या.

वेल्डिंगची घाई

घरच्या कामात सगळ्यात जास्त होड्या इथेच बिघडतात. वेल्डर हुशार असतो, हात चालतो, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वेल्डची सलग शिवण घालून मोकळा होतो. संध्याकाळी थंड झालेली प्लेट बघा: प्रत्येक फ्रेमपाशी आत ओढलेली, मधे फुगलेली. बाहेरून बरगड्या मोजता येतात.

आधी संपूर्ण हल, म्हणजे होडीचं बाहेरचं शरीर, नुसत्या टाक्यांवर (जागोजागी मारलेल्या छोट्या वेल्डवर) उभा करायचा. सगळ्या प्लेटा बसल्या, नजरेने लांबून रेषा बघितली, मगच शिवण. तीही तुकड्यातुकड्याने: डाव्या बाजूला वीतभर घातली की उजव्या बाजूला तेवढ्याच जागी, मग मधली जागा सोडून पुढे. प्रत्येक तुकडा मागच्या तुकड्याकडे ओढत न्यायचा. फ्रेमला प्लेट अखंड जोडू नका. नकाशात असतील तसे लहान तुटक जोड पुरतात. काही डिझाइनमध्ये तर फ्रेम प्लेटला टेकतच नाही, फक्त स्ट्रिंजर (होडीच्या लांबीत जाणाऱ्या पट्ट्या) टेकतात. बरगड्या दिसायला लागल्याच असतील तर घण मारू नका, प्लेट आणखी ताणली जाते. गॅसच्या ज्योतीने छोटे ठिपके लाल करून पाण्याने थंड करत प्लेट आवळून घेणारे कारागीर गोव्यात मांडवी-जुवारीकाठी बार्ज बांधणाऱ्या यार्डांत सापडतात. त्यांचा एक दिवस पुट्टीच्या दहा डब्यांपेक्षा स्वस्त पडतो.

७०१८ जातीचे वेल्डिंग रॉड पाकीट फोडून पावसाळी हवेत उघडे ठेवले तर ओल धरतात, मग शिवणीत छिद्रं आणि तडे येतात. पाकिटावर दिलेल्या तापमानाला, साधारण ३०० ते ३५० अंशांना, तासभर भाजून घ्या. मिग मशीन (गॅसच्या आवरणाखाली तारेने वेल्ड करणारं) वापरत असाल तर वाऱ्याला आडोसा हवाच. हा गॅस उडाला की शिवण आतून स्पंजासारखी होते. आणि पाणरेषेखालची शिवण ग्राइंडरने साफ सपाट करण्याचा मोह आवरा. दिसायला सुंदर होते, जोडातलं पोलाद मात्र जातं.

शिवण झाली की रॉकेलची चाचणी. बाहेरून शिवणीवर खडूची पूड पाण्यात कालवून लावा आणि पांढरा पट्टा वाळू द्या. आतून ब्रशने रॉकेल ओढा आणि थांबा. भोक असेल तर पांढऱ्यावर आधी टाचणीच्या डोक्याएवढा काळपट ठिपका उमटतो, मग तो कडेने पसरत जातो. त्या ठिपक्याला खूण करा, तेवढा भाग खरवडून पुन्हा वेल्ड करा. त्याआधी रॉकेल पूर्ण पुसून, उडून जाऊ द्या. नाहीतर आगही लागते आणि शिवणही बिघडते.

याच टप्प्यावर प्रत्येक फ्रेमच्या आणि स्ट्रिंजरच्या बुडाशी पाणी वाहून जायला खाच ठेवलेली आहे का, हे बादलीभर पाणी ओतून बघा. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, ओतलेलं पाणी थेट पंपाच्या खळग्यात यायला हवं. जिथे अडेल तिथे आत्ताच खाच कापा. रंग आणि फोम झाल्यावर ती जागा कोणी पुन्हा उघडत नाही.

रंग: कोकणच्या हवेचं गणित

एपॉक्सीचे महागडे डबे आणूनही रंग सुटतो, त्याचं कारण बहुतेकदा डब्यात नसून डब्याआधीच्या चार तासांत असतं. ब्लास्टिंग एसए अडीच दर्जाचं हवं, म्हणजे जवळजवळ पांढरं पोलाद, आणि पृष्ठभाग ५० ते ७५ मायक्रॉन खरखरीत. त्यानंतर शक्यतो चार तासांत पहिला हात. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत आणि प्लेटचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर. जून ते सप्टेंबर कोकणात हे जमत नाही, तेव्हा हट्ट करू नका. हिवाळा चांगला, पण पहाटे प्लेटवर हात फिरवला तर ओल लागते. ऊन वर येऊन प्लेट कोमट झाल्यावर सुरुवात करा.

समुद्राजवळ काम असेल तर ब्लास्टिंगआधी गोड्या पाण्याने धुणं सोडू नका. वाऱ्याने बसलेलं मीठ ब्लास्टिंगमध्ये निघण्याऐवजी खरखरीत पृष्ठभागात ठोकलं जातं आणि काही महिन्यांनी रंगाखाली बारीक फुगे येतात. फुगा फोडला आणि आत पाणी निघालं, तर वरून रंग मारण्यात अर्थ नाही. तेवढा भाग पोलादापर्यंत साफ करून, धुऊन, पुन्हा सगळे हात द्यावे लागतात. ब्लास्टिंगला नदीची वाळू वापरू नका. तिच्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. गार्नेट किंवा कॉपर स्लॅग वापरा, मास्कही नावापुरता नको.

धारदार कडेवर रंग टिकत नाही, वाळताना तो कडेपासून मागे सरकतो. प्रत्येक कड ग्राइंडरने गोल करा आणि कडा, शिवणी, खाचा यांना आधी ब्रशने एक वेगळा हात द्या. दोर घासणाऱ्या जागी तर रंगावर विसंबूच नका. तिथे ३०९एल रॉडने स्टेनलेसची पट्टी वेल्ड करून टाका.

फोम मारला आणि मग आठवलं

आतून पॉलियुरेथेन फोम मारला की होडी उबदार, शांत होते, प्लेटवर घाम येत नाही. पण फोमनंतर ‘एक ब्रॅकेट राहिलं’ म्हणून वेल्डिंग काढलं तर पलीकडच्या बाजूचा फोम पेटतो आणि त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतो. बंद केबिनमध्ये माणूस बाहेर यायलाही उरत नाही. डेकवरच्या प्रत्येक क्लीटपासून (दोर बांधायच्या खुंट्यापासून) पंख्याच्या खुंटीपर्यंत यादी करा, सगळं वेल्डिंग संपवा, आतून पूर्ण एपॉक्सी द्या, मगच फोम. तोही वरून खाली पाणरेषेपर्यंतच, बुडात नाही.

सजावटीत मोह होतो तो सुबक, अखंड फळ्या ठोकण्याचा. स्क्रू वापरा, खिळे-गोंद नको. प्रत्येक फळी निघाली पाहिजे. टाकीला माणसाचा हात आणि डोकं जाईल एवढं झाकण हवं. इंजिन डेक बंद करण्याआधी आत उतरवा आणि ते पुन्हा बाहेर कुठून निघेल, तेही ठरवून ठेवा.

पाण्यात सोडल्यावर जस्त काय सांगतं

पाण्याखाली हलला बोल्टने जोडलेले जस्ताचे तुकडे पोलादाऐवजी स्वतः झिजतात. ते काही आठवड्यांतच संपले, तर बहुधा कुठूनतरी बॅटरीचा करंट हलमध्ये गळतोय. मोटारीसारखं बॉडीला निगेटिव्ह जोडणं पोलादी होडीत चालत नाही. प्रत्येक दिव्याला, पंपाला दोन वायरी, आणि अल्टरनेटर, स्टार्टर, इंजिनाचे सेन्सरही बॉडीपासून अलग. शोधायचं असं: बॅटरी सोडवा, सगळे स्विच चालू ठेवा, मल्टिमीटरने हल आणि पॉझिटिव्ह, मग हल आणि निगेटिव्ह यांमधला रोध मोजा. काही ओहमच आले तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा उसळी मारेल, त्या लाइनवर वायर कुठेतरी सोलून हलला टेकली आहे. धक्क्यावरची वीज घेत असाल तर मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (धक्क्याच्या वायरिंगपासून होडी अलग ठेवणारा) हवा.

उलट, वर्ष झालं तरी जस्त नव्यासारखंच असेल तर खुश होऊ नका. बोल्टखाली रंग राहिलाय किंवा जोड गंजलाय, म्हणजे जस्त काम करत नाहीये आणि त्याच्या जागी हल झिजतोय. सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड (तुलनेसाठीचा मोजणीचा दांडा) पाण्यात सोडून हलशी व्होल्टेज मोजा: उणे ०.६ व्होल्टच्या आसपास असेल तर संरक्षण नाही, उणे ०.८० ते उणे १.०५ व्होल्टमध्ये असेल तर ठीक. तांब्याचा अँटिफाउलिंग रंग (बुडाला शेवाळ-शिंपले धरू न देणारा) पोलादावर नको; पितळी व्हॉल्व्ह आणि ॲल्युमिनियमच्या डोलकाठीचं बूड यांच्याखाली प्लास्टिक किंवा फायबरचा पाट द्या. जस्त अर्धं झिजलं की बदला. रंगाऱ्यांना आधीच बजावून ठेवा: हल रंगवताना जस्तावर कागद चिकटवायचा आणि काम झालं की तो काढायचा.