काजूवरील फवारणी आणि जनावरांच्या रक्तातील साखर

काजूला मोहोर फुटू लागला की गोव्यातील सत्तरी, धारबांदोडा आणि काणकोण भागांत ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीविरुद्ध फवारण्या सुरू होतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत भातकापणीनंतर मोकळी सुटलेली गुरे काजूच्या झाडांखालचे गवत खात हिंडतात. विषबाधेची लाळ, थरथर आणि पातळ शेण आपल्या लगेच नजरेत भरते. रक्तातील साखर मात्र कोणी पाहत नाही.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके, उदाहरणार्थ क्लोरपायरिफॉस किंवा प्रोफेनोफॉस, शरीरातील कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) बंद पाडतात. त्यामुळे मज्जातंतूंचे संदेश थांबत नाहीत, अॅड्रिनलिन वाढते, यकृतातील साठा साखर होऊन रक्तात उतरतो आणि साखर चढते. निरोगी गाईत 100 मिलिलिटर रक्तामागे साधारण 45 ते 75 मिलिग्रॅम साखर असते. थोडे थोडे विष दीर्घकाळ पोटात गेल्यासही परिणाम होतो: 2017 साली प्रसिद्ध झालेल्या मदुराईच्या संशोधनात उंदरांना 180 दिवस मोनोक्रोटोफॉस दिल्यावर आतड्यातील जिवाणूंनी त्याचे विघटन केले, त्यातून तयार झालेल्या अॅसिटिक आम्लापासून यकृताने साखर बनवली आणि उंदरांची साखर पचवण्याची क्षमता घटली. रवंथ करणाऱ्या गुरांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

म्हणून लाळ गाळणाऱ्या, लटपटणाऱ्या जनावराला अशक्तपणा समजून गूळपाणी पाजू नये. व्यालेल्या गाईची साखर उतरते तेव्हा गूळपाणी देतात, त्यातून ही सवय आली असावी. पण येथे साखर बहुधा आधीच चढलेली असते, शिवाय गिळता न येणाऱ्या जनावराच्या फुफ्फुसात पाणी जाते.

फवारलेल्या भाटात (बागेत) लेबलवर दिलेल्या मुदतीपर्यंत गुरे सोडू नयेत आणि तेथील गवत कापून गोठ्यात आणू नये. खाली पडलेले बोंडू (काजूची फळे) गुरे आवडीने खातात, त्यामुळे फळधारणेनंतरच्या फवारणीत ही मुदत विशेष काटेकोरपणे पाळावी. पंप व्हाळात (ओढ्यात) धुऊ नये, कारण खाली तेच पाणी गुरे पितात. बाधेचा संशय येताच अंगावर पडलेले औषध हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने धुवावे, पशुवैद्यांना बोलवावे आणि औषधाची बाटली किंवा लेबलचा फोटो दाखवावा. अॅट्रोपिनचे इंजेक्शन ऑर्गॅनोफॉस्फेटच्या बाधेवर चालते, पण लॅम्डा सायहॅलोथ्रिन हे कीटकनाशक वेगळ्या गटातील असल्याने त्याचा उपचारही वेगळा असतो. पशुवैद्यांनी सांगेपर्यंत त्या जनावराचे दूध वापरू नये.