प्रेझेंटेशनसाठी व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना

गेल्या हंगामात कागलकडच्या एका गुऱ्हाळावर उकळत्या काहिलीचा व्हिडिओ घेतला. कोल्हापुरातल्या एका सभागृहात तो पॉवरपॉइंटमध्ये लावला, तर रसाचा खदखदाट खणखणीत आणि पडदा काळा ठिक्कर. पुढच्या रांगेतले काका म्हणाले, "रेडिओ लावलायसा व्हय?" फाइल एच.२६५ ची (व्हिडिओ दाबून साठवायची एक नवी पद्धत) होती आणि तिथल्या लॅपटॉपला ती उलगडत नव्हती. तेव्हापासून मी हॉलमधला सगळ्यात मरतुकडा लॅपटॉप डोळ्यांसमोर ठेवूनच एक्स्पोर्ट करतो.

आधी फॉरमॅट. एमपी४, त्यात चित्र एच.२६४ (एच.२६५ च्या आधीची पद्धत) आणि आवाज एएसी. पॉवरपॉइंटला हे मानवतं. आयफोनवर शूट करणार असाल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. आधीच घेतलेले व्हिडिओ हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून काढा, ते फुकट आहे. तिथेच फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, 'कॉन्स्टंट' करा. मोबाइल तो मधेच कमीजास्त करतो, त्यानं कधीकधी चित्र आणि आवाज पुढेमागे होतात. एचडीआर (उजेड-अंधार जास्त खुलवणारी कॅमेऱ्याची सोय) असेल तर बंद, नाहीतर रंग धुतल्यासारखे दिसतात.

रिझोल्यूशन १९२० बाय १०८० पुरे. ४के कशाला? बरेच प्रोजेक्टर १२८० बाय ८०० किंवा त्याहून कमीच दाखवतात.

खरी मेख बिटरेटमध्ये, म्हणजे सेकंदाला किती डेटा वापरायचा त्यात. बोलणारा माणूस ५ एमबीपीएसमध्ये (सेकंदाला ५ मेगाबिट) भागतो, कारण मागची भिंत हलत नाही; आधीच्या फ्रेमवरून उचलता येते. काहिलीवरच्या वाफेचं तसं नाही. तिथं क्षणोक्षणी सगळंच बदलतं आणि बिटरेट कमी पडला की वाफेचे चौकोन होतात. रंकाळ्याच्या लाटांचंही तेच. अशा ठिकाणी मी १० ठेवतो. हिशेब सोपा: १० गुणिले १२० सेकंद, भागिले ८ (आठ बिटचा एक बाइट). म्हणजे दोन मिनिटांचे साधारण १५० एमबी.

फाइल पेन ड्राइव्हवर न्या. व्हॉट्सॲपवरून पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर ते पुन्हा दाबतं आणि केलेली मेहनत पंचगंगेत. 'इन्सर्ट'मधून व्हिडिओ घालताना 'लिंक टू फाइल' नको. त्यात स्लाइड हॉलवर पोचतात, व्हिडिओ घरीच राहतो.

अर्धा तास आधी जाऊन त्याच लॅपटॉपवर स्लाइड शो लावा. सुरुवातीचे पाच सेकंद बघून उठू नका. सगळ्यात जास्त हालचाल आहे तिथे जा. माझ्या व्हिडिओत ती जागा म्हणजे काहिल वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या हौद्यात, ओततात तो क्षण. तो न अडखळता गेला, की मगच चहाला जातो.